शक्तीलाही नियम हवा

मोटार अभियंता घडवतो, पण तिचे रूप कायदा ठरवतो. इटलीत दोन लिटरवरच्या इंजिनांना जबर कर होता, म्हणून फेरारीने दोन लिटरची 208 काढली. जपानी कंपन्यांनी आपसांतील समझोत्याने 2004 पर्यंत 280 अश्वशक्तीची मर्यादा पाळली. आपल्याकडे चार मीटरखालील, छोट्या इंजिनाच्या मोटारींना करसवलत मिळाली आणि बाजार त्याच मापाचा झाला. 2019 पासून नव्या मोटारीत ताशी 80 किलोमीटर ओलांडताच इशारा वाजतो. शक्तीचा विचार मात्र परवान्यात नाही. पुण्यातील शनिवार पेठेच्या अरुंद रस्त्यांवर शिकलेला अठरा वर्षांचा नवखा चालक त्याच परवान्यावर 500 अश्वशक्तीची मोटार हाकू शकतो.

दोष मोटारीचा नव्हे, चालकाचा, असा आक्षेप येईल आणि वेगमर्यादा नसलेल्या जर्मन महामार्गांचा दाखलाही दिला जाईल. पण तिथे परवान्याआधी महामार्गावरील प्रशिक्षण सक्तीचे आहे. 19 मे 2024 रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शेच्या धडकेत दोघांचा जीव गेला. त्या घटनेने कठोर अंमलबजावणीची निकड दाखवली, हे खरेच. तरीही बेफिकिरीला अफाट शक्तीची जोड मिळाली की हानी वाढते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये नवख्या चालकांना अतिशक्तिशाली मोटारी मना आहेत. केंद्र सरकारने तशीच अट मोटार वाहन नियमांत घालावी.