अडलेल्या स्क्रूवर राग काढू नये



मागच्या शनिवारी आपल्या वर्गात वाद झाला. स्क्रू अडला तर काय करावे? काही मुले म्हणाली, हातोडीने फोडावे. काही म्हणाली, खेळणे टाकून द्यावे. माझे मत वेगळे आहे. माझे मत असे आहे की, स्क्रू गंजाने कमी आणि आपल्या घाईने जास्त बिघडतो. हे मला माझ्याच चुकीने कळले. ती चूक मी खरी खरी लिहितो.

माझ्या मित्राचे वडील मुंबईला कामाला असतात. गणपतीला येताना त्यांनी त्याच्यासाठी रिमोटची मोटार आणली. आम्ही ती अंगणात, खळ्यात, चिखलात सगळीकडे पळवली. मग तिचे मागचे चाक फिरेना. आतून नुसता घुंऽघुं आवाज येई. मित्र म्हणाला, "तू सायकल खोलतोस, ही पण बघ. पण दिवाळीला बाबा यायच्या आत झाली पाहिजे हां."

मोटारीच्या पोटाला चार स्क्रू होते. तीन निघाले. चौथा हलेना. त्याची खाच फुलीची होती आणि माझ्या हातात वडिलांचा चपट्या तोंडाचा डिसमिस होता. मला राग आला. मी दात खाऊन पिळले. खर्रकन आवाज झाला आणि खाच गोल झाली. मी मित्राला सांगितले, "स्क्रू आधीपासूनच खराब होता." तो काही बोलला नाही. मोटार पोटाशी धरून घरी गेला. त्या रात्री मला भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सायकल दुकानवाल्या काकांकडे गेलो. काकांनी स्क्रू पाहिला आणि म्हणाले, "आरं, ह्यो गंजल्याला न्हाई. ह्याला कुणीतरी छळलंय." मित्राने माझ्याकडे बघितले. मग मी खरे सांगून टाकले.

काका रागावले नाहीत. त्यांनी आधी मोटारीतले सेल काढायला लावले. मोटार गोणपाटावर ठेवली, म्हणजे ती घसरणार नाही. सुईने खाचेतला वाळलेला चिखल उकरला, कारण खाचेत माती असली की डिसमिस तळापर्यंत बसत नाही. मग नेमक्या मापाचा फुलीचा डिसमिस घेतला. खाच झिजली होती म्हणून मध्ये रबर बँडचा तुकडा ठेवला. रबर झिजलेल्या जागेत बसते आणि पकड येते. काका म्हणाले, "बारा आणे दाब आन् चार आणे पीळ." फुलीच्या खाचेच्या कडा उतरत्या असतात. दाब कमी पडला की डिसमिस आपोआप वर चढतो आणि खाच खातो. म्हणून दाब जास्त हवा. काकांनी स्क्रू आधी किंचित आवळला, मग उलटा फिरवला. दोनदा सटकला. तिसऱ्यांदा टक् झाले आणि स्क्रू सुटला!

आत काय होते? चाकाच्या दांडीला आजीच्या लुगड्याचा धागा गुंडाळला होता. एवढ्याशा धाग्यासाठी मी मोटार फोडणार होतो.

बसवतानाही एक गोष्ट शिकलो. प्लास्टिकात स्क्रू आधी उलटा फिरवायचा. बारीकसा टक् आवाज आला की तो जुन्या आट्यांत बसला समजायचे. मग सुलटा फिरवायचा आणि बसला की थांबायचे. जास्त आवळला तर प्लास्टिकचे आटे जातात. छळलेला स्क्रू परत लावायचा नाही, नवा लावायचा.

बाईंनी आम्हाला सांगितले की, फुलीच्या स्क्रूचे पेटंट अमेरिकेत १९३६ साली हेन्री फिलिप्स यांना मिळाले. एवढा जुना स्क्रू, पण तो कसा काढावा हे आम्हाला कोणी शिकवत नाही. आपल्या शाळेत नकाशे आहेत, लेझीम आहेत. हत्यारांचा एक डबाही असावा असे मला वाटते. त्यात फुलीचे दोन लहानमोठे डिसमिस, एक चपटा, एक सुई आणि थोडे रबर बँड ठेवावेत. मोठी माणसे म्हणतील, पोरे वस्तू मोडतील. पण आमच्या हातात बरोबर हत्यार नसते तेव्हाच आम्ही वस्तू मोडतो. आणि रागावतील म्हणून खोटे बोलतो.

मोटार आता पळते. चौथा स्क्रू मात्र वेगळ्या रंगाचा आहे. दिवाळीला मित्राचे बाबा विचारतील, हा असा का? तेव्हा मित्राला सांगावे लागणार नाही. मीच सांगणार आहे.

– इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी