पहारा आणि विश्वास

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालील मुलामुलींना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट अशा समाजमाध्यमांवर स्वतःचे खाते ठेवण्यास मज्जाव करण्यात आला. या कायद्यात मुलांना शिक्षा नाही आणि पालकांनाही दंड नाही. जबाबदारी कंपन्यांवर टाकली असून, त्यांनी कसूर केल्यास ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. जे एकट्या कुटुंबाला पेलत नाही, ते राज्यसंस्थेने उचलावे, असा त्यामागील विचार आहे.

आपल्या देशाने निराळा मार्ग निवडला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यापूर्वी कंपनीने पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे बंधनकारक आहे. मुलांच्या वर्तनाचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांनाही त्यात मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यासाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. ऑस्ट्रेलियाने भार कंपन्यांवर टाकला, तर आपण किल्ली आईवडिलांच्या हाती दिली. ही किल्ली वापरण्याची त्यांची तयारी आहे काय, हा आमच्या मते कळीचा प्रश्न आहे.

ग्रामीण भारतातील शिक्षणाचा वेध घेणाऱ्या ‘असर २०२४’ अहवालाने काही आकडे समोर ठेवले आहेत. चौदा ते सोळा वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. अभ्यासाच्या निमित्ताने घरात आलेला फोन अभ्यासापुरता राहिलेला नाही, हे यातून उघड होते.

नियंत्रणाची साधने उपलब्ध आहेत आणि त्यांतील अनेक विनामूल्य आहेत. अँड्रॉइड फोनसाठी गुगलचे ‘फॅमिली लिंक’ आहे. त्याद्वारे दिवसाची वेळमर्यादा ठरवता येते, रात्री फोन आपोआप बंद ठेवता येतो आणि नवे अ‍ॅप घेण्यापूर्वी पालकांची अनुमती आवश्यक करता येते. आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ ही सोय २०१८ पासून आहे. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीनांसाठी वेगळी खाती सुरू केली. ती आपोआप खासगी राहतात आणि सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय त्यांवरील बंधने सैल करता येत नाहीत.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया मुख्यत्वे एकच आहे : खरे जन्मवर्ष. तेच खोटे लिहिले की पुढची तटबंदी आपोआप ढासळते. अनेक घरांत नेमके हेच घडते. फोन नवा असतो, मूल उतावीळ झालेले असते, आणि ‘लवकर होऊ दे’ म्हणून वडीलच मुलाचे वय वाढवून टाकतात किंवा आपलेच खाते त्याच्या फोनवर सुरू करून देतात. त्या यंत्राच्या लेखी दहा वर्षांचे मूल मग चाळिशीतला प्रौढ ठरते. तांत्रिक हानी तर होतेच. पण गैरसोयीचा नियम खोटे लिहून ओलांडता येतो, हा धडाही मूल आपल्याच आईवडिलांकडून शिकते. ही हानी आम्हांस अधिक गंभीर वाटते.

पुष्कळ कुटुंबांत मुलाला वेगळा फोन नसतो. आईचाच फोन हातोहात फिरतो. अशा ठिकाणी ‘फॅमिली लिंक’चा उपयोग होत नाही. तेथे साधे उपाय करावेत. प्ले स्टोअरमधील पालक नियंत्रणास पिन लावावा, प्रत्येक खरेदीस पासवर्ड सक्तीचा करावा, पैशांच्या व्यवहारांच्या अ‍ॅपला कुलूप घालावे आणि लहानग्यांना ‘यूट्यूब किड्स’ लावून द्यावे. हा पिन मुलाच्या जन्मतारखेचा नसावा, हे सांगणे नलगे.

साधनांच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. आपल्या मुलाच्या फोनवरील कुलूप त्याच्या मित्राच्या फोनला लागू होत नाही. पहारा आणि पाळत यांतील भेदही विसरता कामा नये. ‘फॅमिली लिंक’मध्ये वेळ व अ‍ॅप पालकांना दिसतात, मुलांचे संदेश मात्र वाचता येत नाहीत. हे आम्हांस योग्य वाटते. चोरून संदेश वाचणारी अ‍ॅप मुलाच्या फोनवर घालणारे पालक काही काळ निर्धास्त होतील, परंतु मुलाला ते कळेल त्या दिवशी संकट सांगण्यासाठी ते त्यांच्याकडे येणार नाही. एखाद्या अनोळखी इसमाने छायाचित्र मागितले, धमकी दिली, तर ‘आई, असे झाले’ म्हणण्याचे धैर्य मुलाला व्हावे, हेच खरे संरक्षण होय. म्हणून नियम मुलासमोर बसून ठरवावेत, त्यांचे कारण सांगावे आणि वय वाढेल तसे ते सैल करावेत.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक वेगळा प्रयोग केला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि पुढील दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवले जात. येथे नियम एकट्या मुलांसाठी नव्हता, थोरांनीही तो स्वतःला लावून घेतला. जेवताना वडिलांची नजर पडद्यावर असेल, तर मुलाच्या फोनवरील वेळमर्यादा त्याला अन्यायच वाटणार.

सुज्ञ पालकांना आमचे आवाहन आहे की, येत्या रविवारी अर्धा तास काढून मुलाचा फोन त्याच्यासमवेत उघडावा. प्रथम जन्मवर्ष तपासावे. ते चुकीचे असेल तर दुरुस्त करावे आणि का दुरुस्त करतो तेही सांगावे. रात्रीची वेळ ठरवावी आणि त्या वेळेला स्वतःचा फोनही बाजूला ठेवावा. कायदा येईल तेव्हा येईल, परंतु या अर्ध्या तासासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही.