पुनर्मुद्रणाचा काळ : क्यूबन भित्तिपत्रके आणि सिद्धान्ताची बेफिकिरी

क्रांत्युत्तर क्यूबातील भित्तिपत्रकांविषयीच्या चर्चेत एक विधान इतक्या सहजपणे केले जाते, की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. विधान असे : भित्तिपत्रक ही मुळातच यांत्रिक पुनरुत्पादनातून जन्मणारी वस्तू आहे, त्यामुळे तिची मूळ प्रत कोणती आणि उत्तरकालीन पुनर्मुद्रण कोणते, हा प्रश्न संग्राहकांचा, विक्रेत्यांचा, फार तर लिलावगृहांचा आहे, समीक्षेचा नव्हे. या विधानाच्या पाठीशी वॉल्टर बेन्यामिनचे नाव उभे केले, की चर्चा संपली असे मानण्यात येते. वस्तुतः ती तेथे सुरूही झालेली नसते.

बेन्यामिनने आपल्या सुप्रसिद्ध निबंधात जे लोपताना पाहिले ते कलाकृतीच्या एकमेवपणाभोवतीचे वलय होते. कालनिश्चिती निरर्थक झाली, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. एकमेव नसणे आणि कालातीत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भित्तिपत्रकाच्या हजार प्रती निघाल्या तरी त्या हजारही प्रती विशिष्ट वर्षी, विशिष्ट कागदावर, विशिष्ट यंत्रणेने आणि विशिष्ट हेतूने निघालेल्या असतात. नेल्सन गुडमनने १९६८ मध्ये मुद्राचित्रांच्या संदर्भात हाच भेद स्पष्ट केला : एखाद्या कृतीच्या अनेक प्रती असू शकतात, तरीही त्या कोणत्या पत्र्यावरून निघाल्या, हा तिच्या ओळखीचा अविभाज्य भाग राहतो. बहुलता हा इतिहासातून सुटका करून घेण्याचा परवाना नव्हे.

प्रश्नाचे तपशील पाहिले म्हणजे तो किती समीक्षेचा आहे हे ध्यानात येते. 'क्यूबन भित्तिपत्रक' असा एकसंध प्रकारच अस्तित्वात नाही. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या 'इकाइक' या चित्रपटसंस्थेची भित्तिपत्रके सिल्कस्क्रीनने, सुमारे ५१ × ७६ सेंटिमीटर या ठरलेल्या आकारात, हाताने छापली जात. एदुआर्दो मुन्योस बाक्स, रेने आस्कुय, आंतोनियो फेर्नांदेस रेबोइरो ही नावे या परंपरेतील. याउलट, १९६६ च्या हवाना येथील त्रिखंडीय परिषदेतून उभ्या राहिलेल्या 'ओस्पाआल' या संघटनेची भित्तिपत्रके प्रामुख्याने ऑफसेटवर छापली गेली. त्यांतील अनेक 'त्रिकोन्तिनेन्ताल' या नियतकालिकात घडी घालून जगभर पाठविली गेली आणि त्यांच्यावरील मजकूर बहुधा स्पॅनिश, इंग्रजी, फ्रेंच व अरबी अशा चार भाषांत असे. म्हणजे दोन संस्था, दोन तंत्रे, दोन वाचकवर्ग. एकीच्या खुणा दुसरीला लावणे म्हणजे ओवीचे नियम अभंगाला लावून चुका काढण्यासारखे आहे.

घडीचेच उदाहरण घ्यावे. बाजाराच्या भाषेत घडीची रेघ हा दोष ठरतो. ओस्पाआलच्या भित्तिपत्रकाच्या बाबतीत मात्र ती रेघ त्याच्या प्रवासाची नोंद असते. हे चित्र भिंतीवर लागण्यापूर्वी टपालाच्या पाकिटातून सीमा ओलांडून आले, हे ती सांगते. अर्थात, घडी नाही एवढ्यावरून प्रत उत्तरकालीन ठरत नाही आणि घडी आहे एवढ्यावरून ती मूळ ठरत नाही. घडी कोणालाही घालता येते. एकट्या खुणेवर निर्णय न देणे, हा या विद्येचा पहिला नियम आहे.

दुसरी खूण रंगाची. सिल्कस्क्रीनमध्ये प्रत्येक रंग स्वतंत्र जाळीतून उतरतो. त्याचा थर सलग असतो, बोटांना जाणवतो, आणि दोन रंगांच्या सीमेवर शाईवर शाई चढलेली दिसते. त्याच चित्राचे छायाचित्र घेऊन ते चाररंगी ऑफसेटवर छापले, तर भिंगाखाली सलग तांबड्याच्या जागी ठिपक्यांची जाळी दिसते. अशी प्रत सिल्कस्क्रीनच्या मूळ आवृत्तीतील नव्हे, हे तेथेच सिद्ध होते. परंतु खरी कसोटी पुढे आहे. इकाइकची जुनी भित्तिपत्रके पुढे सिल्कस्क्रीननेच पुन्हा छापली गेली. तेथे भिंग निकाल देत नाही. तेथे कालनिश्चित प्रत शेजारी ठेवून रंगसीमांचे वळण, रंग चढविण्याचा क्रम, अक्षरांची जाडी, श्रेयओळ आणि कडांचे माप यांचा ओळीने ताळा घ्यावा लागतो. कागदाचा जुनाटपणा येथे फसवा ठरतो आणि पेन्सिलीची स्वाक्षरीही. कलावंत उत्तरायुष्यात पुनर्मुद्रणावरही सही करू शकतो. पोथ्यांची पाठचिकित्सा शिकलेल्या मराठीच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळता येईल. हा भेद केला नाही तर बिघडते काय? बिघडते ते अर्थनिर्णयन. आल्फ्रेदो रोस्तगार्द यांचे १९६७ चे निषेधगीतांच्या संमेलनासाठीचे, काट्यावरून रक्ताचा थेंब ओघळणाऱ्या गुलाबाचे भित्तिपत्रक एखाद्या प्रबंधात चकचकीत पुनर्मुद्रणावरून छापले जाते, खाली '१९६७' एवढेच लिहिले जाते, आणि पुढील परिच्छेदात त्या रंगांच्या झगझगीतपणातून साठच्या दशकातील क्रांतीचा उत्साह वाचला जातो. जे वाचले गेले ते १९६७ नसून नंतरच्या कोण्या मुद्रकाची शाई असते. टंचाईने लादलेली रंगांची काटकसर, तिच्यातून घडलेली शैली, हा सारा आशय निसटतो आणि अभ्यासकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

याहून गंभीर बाब अशी, की पुनर्मुद्रणाचा स्वतःचा इतिहासही पुसला जातो. १९८८ मध्ये अमेरिकेच्या कायद्यातील दुरुस्तीने माहितीपर साहित्य व्यापारबंदीतून वगळले गेले, आणि त्यात भित्तिपत्रकांचा स्पष्ट समावेश होता. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. १९९३ मध्ये क्यूबाने नागरिकांना डॉलर बाळगण्याची मुभा दिली. ज्या भित्तिपत्रकांना विकण्यासारखे काही नव्हते, तीच पर्यटकाला विकण्याची वस्तू बनली. सूझन सोन्टॅगने १९७० मध्येच, क्यूबन भित्तिपत्रकांच्या एका संग्रहग्रंथाच्या प्रस्तावनेत, त्या ग्रंथाच्या वाचकाच्या उपभोगी भूमिकेवर बोट ठेवले होते. पुनर्मुद्रण हे त्या स्थित्यंतराचे प्रथम दर्जाचे साधन आहे. 'मूळ आणि नक्कल यांत भेद नाही' असे म्हणणारा सिद्धान्त स्वतःला भांडवली वस्तुपूजेचा विरोधक समजतो. प्रत्यक्षात वस्तूकरणाचा पुरावाच तो नाहीसा करतो. विक्रेत्याला याहून सोयीचा मित्र मिळणार नाही.

याचा अर्थ बाजाराचा पक्ष घ्यावा असा नव्हे. बाजार 'मूळ' या शब्दाचे भावात रूपांतर करतो आणि पुनर्मुद्रणाला सरसकट बनावट ठरवितो. हेही तितकेच अडाणीपणाचे आहे. पुनर्मुद्रण हा अपराध नसून काळ लपविणे हा अपराध आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि त्या शुद्धीचे वर्ष ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवले. त्या नोंदीमुळे नंतरचा पाठ नंतरचा म्हणूनच आदरणीय ठरतो. मूळ मानून त्याची पूजा करावी लागत नाही आणि बनावट म्हणून त्याला टाकावेही लागत नाही.

भित्तिपत्रकांच्या अभ्यासाने यापेक्षा अधिक काही मागितलेले नाही. प्रकाशक संस्था, रचनेचे वर्ष, प्रत छापल्याचे वर्ष, मुद्रणाचे तंत्र आणि आकार, इतक्या गोष्टी चित्राखाली असाव्यात. छपाईचे वर्ष ठरविता येत नसेल, तर तसे लिहावे. हस्तलिखिताचा काळ न सांगता त्यावर प्रबंध लिहिणाऱ्याला कोणतेही विद्यापीठ पदवी देणार नाही. चित्राच्या बाबतीत ही सवलत सिद्धान्ताच्या नावाने मागितली जात असेल, तर तो सिद्धान्त नसून केवळ कष्टांचा कंटाळा आहे, असे स्पष्ट म्हणावे लागेल.