गवा आणि गर्दी

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले कीं सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतील वृत्तपत्रांत एक ठराविक बातमी येऊं लागते: अमक्या गांवांत गवा शिरला, तमक्या वसाहतींत गव्याची दहशत. तिच्या मागोमाग सुशिक्षितांच्या बैठकींत ठराविक संवादहि सुरू होतो. "वनखातें झोंपा काढतें काय?" असें एक गृहस्थ विचारतात. "असल्या जनावरास सरळ गोळी घालावी, नाहीं तर भूल देऊन दूर नेऊन टाकावें," असें दुसरे सुचवितात. तिसरे भूतदयेचे अभिमानी असतात. जंगलांत वैरण टाकली म्हणजे बिचारा गांवांत येणार नाहीं, असा त्यांचा तोडगा असतो. या तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. बंदोबस्त करावयाचा तो गव्याचा, आणि करावयाचा तो दुसऱ्या कोणी तरी. माझें म्हणणें नेमकें याच्या उलट आहे. गवा शहरांत आल्यावर पहिला बंदोबस्त करावयास हवा तो आपला, म्हणजे पाहणारांचा. आणि तो आपणांवांचून दुसरें कोणी करूं शकत नाहीं.

ज्यास आपण इतके भितों त्याच्याविषयीं आपलें अज्ञान नांवापासूनच सुरू होतें. आपण त्याला गवारेडा म्हणतों. पण तो रेडा नव्हे. तो गाईबैलांच्या कुळांतला, आपल्या गोठ्यांतील बैलाचा रानांत राहिलेला भाऊबंद आहे. पूर्ण वाढलेला नर खांद्याशीं सहा फुटांच्या आसपास उंच आणि वजनानें हजार किलोपर्यंत भरतो. परंतु हें प्रचंड शरीर गवत, पाला व झाडाची साल यांवर पोसलेलें असून स्वभाव मूळचा भित्रा आहे. माणसाची चाहूल लागतांच झाडींत दिसेनासें होणें हीच त्याची रीत. तो शिंगें रोखतो तें बहुधा पळावयास वाट उरली नाहीं म्हणजे. ज्यांना हें पटत नसेल त्यांनीं महाबळेश्वरास जावें. तेथें संध्याकाळीं रस्त्याच्या कडेला गवे चरतांना दिसतात, आणि जुने रहिवासी अंतर राखून आपल्या वाटेनें निघून जातात. धोका संभवतो तो मुख्यतः हातांत मोबाइल धरून जवळ जाणाऱ्या प्रवाशामुळें.

मग तो सह्याद्रि सोडून खालीं येतो कां? १९८५ सालीं कोयना अभयारण्य झालें, २००४ सालीं चांदोलीचें राष्ट्रीय उद्यान झालें आणि २०१० सालीं या दोहोंचा मिळून सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला. अरण्याची ही हद्द कागदावर स्पष्ट आहे. गव्याच्या पायांखालीं ती नाहीं. हिवाळ्यांत डोंगरावरचें गवत वाळतें. खालीं मात्र चांदोलीच्या धरणापासून हरिपुराच्या संगमापर्यंत वारणेच्या कांठीं, आणि तेथून कृष्णेच्या कांठीं, माणसाहून उंच असा हिरवागार ऊस उभा असतो. चारा, पाणी आणि आडोसा यांची इतकी सलग वाट आपणच घालून दिली आहे. त्यांतच या दिवसांत ऊसतोड चालू होते. काल ज्या फडांत तो लपला होता तो आज मोकळा होतो, म्हणून तो पुढच्या फडांत जातो. आणि असें पुढें सरतां सरतां एके पहाटे पुढें फड नसतो, डांबरी रस्ता असतो. कळपावांचून एकटा भटकणारा नर बहुधा असाच चुकतो. त्यानें आपल्यावर स्वारी केलेली नसते. त्याची वाट चुकलेली असते.

वाट चुकलेल्याशीं आपण कसें वागतों याचीं दोन उदाहरणें एकाच शहरांत, एकाच महिन्यांत घडलीं. ९ डिसेंबर २०२० रोजीं पुण्याच्या कोथरूड भागांत एक गवा शिरला. लोक धांवले, गल्लोगल्लीं आरडाओरड झाली, कित्येक तास तें जनावर भिंतींवर व फाटकांवर आपटत पळत राहिलें. अखेर त्यास भूल देऊन पकडलें, आणि थोड्याच वेळांत तें मेलें. पुढें पंधरा दिवसांच्या आंतच पाषाण-बावधनच्या बाजूस दुसरा गवा दिसला. या खेपेस माणसांना दूर ठेवण्यांत आलें, आणि तो जंगलाच्या दिशेनें परत गेला. जनावर त्याच जातीचें, शहर तेंच, खातेंहि तेंच. फरक पडला तो माणसांत.

हें मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाहीं. २०२१ च्या डिसेंबराच्या अखेरीस सांगलीच्या मार्केट यार्डांत गवा आला, तेव्हां ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या गच्चीवर जाऊन उभा राहणारांपैकीं मीहि एक होतों. वर्गांत संयमावर व्याख्यान देणारा माणूस कठड्यावरून वांकून मोबाइल पुढें धरीत होता. तास न् तास गेले. रात्रीं उशिरां घरीं आलों. पुढें त्यास वाहनांत घालून जंगलांत सोडल्याचें वाचलें, आणि मनावरचें ओझें उतरल्यासारखें वाटलें. पण मीं टिपलेली ती चित्रफीत पुढें एकदां स्वस्थपणें पाहिली. तींत गवा जेमतेम दिसतो. ऐकूं येतात त्या शिट्या, हाका आणि हंशा. त्यांतला एक आवाज माझा आहे. ती मीं अजून पुसून टाकलेली नाहीं.

कोणी म्हणेल, "हें सारें ठीक, पण माणसाच्या जिवाचें काय?" प्रश्न रास्त आहे. त्याच महिन्यांत कोल्हापुराजवळ भुयेवाडीस एका तरुणाचा गव्याच्या हल्ल्यांत बळी गेला. त्या घरच्या दुःखापुढें भूतदयेचीं सुभाषितें बोलण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु म्हणूनच विचारतों, माणसें कशानें वांचतील? गोळीनें? १९७२ च्या कायद्यानें गव्यास सर्वोच्च संरक्षण दिलें आहे. मनुष्याच्या जिवास धोका असेल तर अपवाद आहे, पण भरवस्तींत हजारों बघ्यांमध्यें बंदूक चालविणें हा धोका गव्याहून मोठा. भुलीनें? भूल म्हणजे जादू नव्हे. औषध अंगांत भिनावयास वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळांत बिथरलेलें जनावर कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाहीं. शिवाय जें आधींच तासन् तास धांवून तापलेलें आहे, त्याचे स्नायू आंतल्या आंत फाटूं लागतात, रक्तांत आम्लता वाढते, हृदय व मूत्रपिंडें निकामी होतात. जनावर पकडलें तरी हातीं लागतें तें प्रेतच. राहिली वैरण. अमेरिकेंतील वायोमिंग संस्थानांत जॅक्सन गांव एल्क जातीच्या हरणांच्या हिवाळी कुरणावरच वसलें, म्हणून १९१२ सालीं तेथें त्यांच्यासाठीं आश्रयस्थान करून चारा घालण्याची व्यवस्था चालू केली. हरणें जगलीं खरीं. पण एका जागीं दाटीवाटीनें चरूं लागल्यामुळें त्यांच्यांत रोग पसरण्याची चिंता कायमची मागें लागली. आयत्या चाऱ्याची संवय लावणें ही दया दिसते तितकी दया नव्हे.

आणखी एका गोष्टीची आपणां शहरवासीयांस लाज वाटली पाहिजे. आपल्याकडे गवा वर्षांतून एकदां येतो तर केवढा गहजब! शिराळा व पाटण तालुक्यांतील शेतकऱ्याच्या शेतांत तो वारंवार येतो, उभें पीक तुडवितो, आणि त्याची बातमी होत नाहीं. याच अरण्यासाठीं व धरणांसाठीं डोंगरांतल्या कित्येक गांवांनीं आपलीं घरें सोडलीं. सरकार पिकाची भरपाई देतें. पण ती पंचनाम्याच्या फेऱ्यांत न अडकतां पुढल्या पेरणीच्या आंत हातीं पडावी, यासाठीं आपल्यापैकीं कितीजणांनीं आपल्या प्रतिनिधीस एक पत्र तरी लिहिलें आहे? ज्याचें पीक गेलें त्यानें गव्यावर प्रेम करावें, आणि आपण गच्चीवरून त्याची मौज पाहावी, हा न्याय नव्हे.

करावयाचें तें फार थोडें व बिनखर्चाचें आहे. गवा दिसल्यास वनखात्यास कळवावें व घरांत बसावें. मुलांना आंत घ्यावें, कुत्रीं बांधावींत. पोलिसांनीं रस्ता दोन्ही टोकांस बंद करावा, पण ज्या बाजूनें जनावर आलें ती बाजू मोकळी ठेवावी. कर भरा म्हणून जो भोंगा गल्लोगल्लीं फिरतो, तोच "घराबाहेर पडूं नका" म्हणून फिरवावा. मग अंधार पडूं द्यावा. रात्रीं आलेला पाहुणा वाट मोकळी असली तर बहुधा रात्रींच परत जातो. तरीहि नाहींच गेला, तर त्यास पकडण्याचें काम जाणत्यांनीं करावें, आणि तें शांततेंत करूं द्यावें.

यंदाहि ऊसतोड चालू झाली कीं कोठें तरी गवा येईलच. तेव्हां गच्चीवरून बोलावणें आलें तर मी जाणार नाहीं. वाचकांनींहि जाऊं नये. तेवढ्यानें एक जनावर आणि कदाचित् एक माणूस वांचेल.