पक्की मांड

घोड्यावर बसणे ही एक गोष्ट आणि घोड्यावर मांड ठोकणे ही दुसरी. पहिलीस एक रिकीब आणि मदतीचा एखादा हात पुरतो. दुसरीस कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात. ज्याची मांड पक्की, तो खरा स्वार. परंतु ही मांड कशाने पक्की होते, याविषयी लोकांत मोठा गैरसमज आहे. मांड्यांतील जोर, हातातील चाबूक आणि आवाजातील दरारा यांच्या बळावर घोडा ताब्यात राहतो, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. इतकेच नव्हे, तर ती घोड्याला आणि स्वारालाही घातक आहे.

प्रथम बळाचाच हिशेब करून पाहावा. पूर्ण वाढ झालेल्या घोड्याचे वजन बहुधा ४०० ते ५०० किलो भरते. स्वाराचे असते ६० ते ७० किलो. एवढ्या प्राण्याने मनावर घेतले, तर कोणताही मल्ल त्याच्या पाठीवर फार वेळ टिकणार नाही. म्हणजे स्वार घोड्यावर बसतो तो आपल्या बळावर नव्हे, तर घोड्याने त्याला बसू दिले म्हणून. ही संमती मारून मिळत नाही. ती मिळवावी लागते.

ती कशी मिळवावी, हे समजण्यासाठी घोड्याचा स्वभाव जाणला पाहिजे. कवी आणि इतिहासकार घोड्याच्या शौर्याचे वर्णन करतात. परंतु मूळचा हा प्राणी अतिशय सावध व बुजरा आहे. त्याला शिंगे नाहीत, वाघासारखी नखे नाहीत. उघड्या माळावर संकट दिसताच पळणे, हेच त्याचे मुख्य शस्त्र. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याला जवळजवळ चोहीकडचे दिसते. मात्र कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा त्याला दिसत नाही. म्हणूनच मागून गुपचूप येणाऱ्या माणसावर तो दुगाण्या झाडतो. हा त्याचा दुष्टपणा नव्हे, ही त्याची भीती होय. जाणता मोतद्दार नेहमी खांद्याच्या बाजूने आणि काहीतरी बोलत बोलत घोड्याजवळ जातो, त्याचे कारण हेच.

घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. कळपातील काही घोडी निवांत झोपलेली असताना एखादे जागे असते. जो जाणता घोडा शांत, त्याच्याकडे पाहून इतरही शांत राहतात. मनुष्य पाठीवर बसतो, तेव्हा तो घोड्याकडे हेच स्थान मागत असतो. “वाट मी पाहिली आहे, तू निर्धास्त चाल,” असे त्याला न बोलता सांगायचे असते. स्वार स्वतःच घाबरलेला असेल, तर घोड्याने कोणाच्या भरवशावर पाऊल टाकावे?

आणि स्वाराची घबराट घोड्यापासून लपत नाही. जर्मनीतील बर्लिन शहरात हान्स नावाचा एक घोडा होता. गणिताचे उत्तर तो खूर आपटून देई. १९०४ साली विद्वानांच्या एका समितीने त्याची तपासणी केली, तेव्हा कोणतीही लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंगस्ट या संशोधकाने १९०७ साली हे कोडे उलगडले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, तर हान्सही चुकत असे. खुराचे ठोके योग्य संख्येपर्यंत पोहोचले, की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हाले, आणि ते पाहून घोडा थांबे. त्याला गणित येत नव्हते. त्याला माणूस वाचता येत होता. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली २८ घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. हसऱ्या चेहऱ्यापेक्षा रागावलेला चेहरा पाहताना त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक लवकर वाढले. जो प्राणी नुसत्या चित्रातील राग ओळखतो, त्याला पाठीवरच्या माणसाचे ताठरलेले अंग आणि थरथरणारा हात कळणार नाही काय?

आता लगामाचा विचार करावा. लगामाची लोखंडी कडी घोड्याच्या पुढच्या दातांच्या व दाढांच्या मधल्या रिकाम्या जागेत बसते. तेथील हिरडी फार नाजूक असते. स्वाराने लगाम आवळला की घोड्याला दाब जाणवतो. तो थांबला की स्वाराने त्याच क्षणी हात सैल सोडला पाहिजे. असे झाले म्हणजे, थांबल्याने सुटका होते, हे घोड्याला उमगते. खरे पाहता लगाम ओढल्याने घोडा शिकत नाही. तो लगाम सैल झाल्याने शिकतो. जो स्वार आज्ञा पाळल्यानंतरही लगाम खेचतच राहतो, त्याच्या घोड्याला आज्ञा पाळण्यात काही अर्थ उरत नाही. मग त्याचे तोंड निबर होते, आणि लोक त्यालाच आडमुठा म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, “लाडाने घोडा बिघडतो; त्याला धाक हवाच.” यातील पहिला भाग खरा आहे. आज एक खूण, उद्या दुसरी. आज मोकळीक, उद्या शिक्षा, असे वागणारा स्वार घोड्याला गोंधळात टाकतो. घोड्याला ठाम स्वार हवा असतो. परंतु ठामपणा निराळा आणि क्रूरपणा निराळा. ग्रीक सेनानी झेनोफन याने २३०० हून अधिक वर्षांपूर्वी अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये, असे या रणांगण पाहिलेल्या योद्ध्याने त्यात बजावले आहे.

सिकंदराची कथा हेच सांगते. प्लुटार्कने लिहिले आहे, की ब्युसेफेलस नावाचा घोडा कोणालाच जवळ येऊ देत नसे. हा घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो, हे लहानग्या सिकंदराने ओळखले. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवले, त्याला थोपटले आणि मग तो पाठीवर चढला. इतरांनी घोड्याचे बिथरणे पाहिले. सिकंदराने त्यामागचे कारण पाहिले. पुढारी आणि हुकूम सोडणारा यांत फरक आहे तो एवढाच.

विश्वास केवळ स्वारीच्या वेळी जडत नाही. त्याची पेरणी पागेत होते. वेळेवर दाणावैरण, स्वच्छ पाणी, रोजचा खरारा आणि खुरांची निगा यांतून घोडा माणसाला ओळखू लागतो. शिवछत्रपतींच्या पागेत दर २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे, असे सभासद बखरीवरून कळते. चिपळूणजवळ छावणीस असलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच उधळून टाकाल, तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्यावर येईल, अशी ताकीद त्यात आहे. रयतेला त्रास होऊ नये, ही काळजीही तीत आहे. ज्यांच्या पाठीवर स्वराज्याचे स्वार दौडत होते, त्या मुक्या प्राण्यांच्या वैरणीचा हिशेब राजा स्वतः ठेवत होता.

हा वारसा सांगणाऱ्या समाजाने आजच्या घोड्याकडेही पाहिले पाहिजे. जनावरांना हाकताना वा त्यांवर बसताना काटेरी लगाम वापरण्यास भारतात १९६५ च्या नियमांनी मनाई केली आहे. तरीही असे लगाम अद्याप अनेक ठिकाणी सापडतात. वरातीच्या घोड्याच्या कानाशी ढोल वाजतात, पायांशी फटाके फुटतात, आणि तो बुजला की त्याच्या तोंडाला हिसका बसतो. तो घोडा पुढे चालतो, हे खरे. परंतु तो विश्वासाने चालत नाही, वेदनेला भिऊन चालतो. भीतीने चालणारा घोडा त्याहून मोठी भीती समोर येताच उधळतो. म्हणून अशा ठिकाणी घोड्यावर बसण्यापूर्वी त्याच्या तोंडाकडे एकदा पाहावे, आणि तेथे काटे दिसले तर खुशाल पायी चालावे.

वर्गाचा प्रमुख, खेळातील संघनायक किंवा गावाचा कारभारी, कोणासही लोकांनी दिलेली जागा ही घोड्याच्या पाठीसारखीच असते. तिच्यावर चढता येते लवकर. टिकता येते ते मात्र शांत मनाने, एकवचनी वागण्याने आणि योग्य वेळी हात सैल सोडण्याने. ज्याच्या हाती लगाम आहे, त्याने तो आवळण्याआधी सैल सोडायला शिकावे.