राखीव जागा गेल्या, राखीव कान राहिले

लोकशाहीत सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि तो व्यापाऱ्यालाही आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. प्रश्न वेगळाच आहे. शहरातील व्यापारी-उद्योजकांच्या चेंबरचे निवेदन पाहता पाहता आयुक्तांच्या किंवा मंत्र्यांच्या टेबलावर चर्चेला येते. त्याच शहरातील हमालांचा, फेरीवाल्यांचा, दुकानांतील नोकरांचा अर्ज मात्र आवक-जावक विभागाचा शिक्का मिरवीत वर्षानुवर्षे पडून राहतो. हे कशाच्या बळावर घडते?

या विषमतेला इतिहास आहे. मुंबईतील प्रामुख्याने इंग्रज असलेल्या व्यापाऱ्यांनी 1836 मध्ये बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन केले. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याने नगरसेवकांच्या 2 जागा या चेंबरच्या पदरात टाकल्या. त्या वेळी ते शहर बांधणाऱ्या आणि झाडणाऱ्या श्रमिकांना साधे मतही नव्हते. परकीयांच्या या वर्चस्वाला उत्तर म्हणून 1907 मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर उभे राहिले; 1927 मध्ये वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर आणि 1934 मध्ये पुण्यात मराठा चेंबर निघाले. परक्या सरकारपुढे स्वदेशी उद्योगाची बाजू मांडण्याचे त्यांचे कार्य आम्ही नाकारीत नाही. पण 1919 च्या सुधारणा कायद्याने व्यापारी संस्थांना विधिमंडळात जे खास मतदारसंघ दिले, त्यांत देशी चेंबरांनीही आपला वाटा घेतला, हेही विसरता येणार नाही. प्रौढ मताधिकाराच्या राज्यघटनेत अशा मतदारसंघांना स्थान उरले नाही. जागा गेल्या, सत्ताधाऱ्यांचे कान मात्र राखीवच राहिले.

चेंबरची कार्यपद्धती आमच्या कार्यकर्त्यांनी बारकाईने अभ्यासावी अशी आहे. करविषयक, वाहतूकविषयक, कामगारविषयक अशा तिच्या स्वतंत्र समित्या असतात. त्यांत सनदी लेखापाल असतात, वकील असतात, निवृत्त अधिकारीही असतात. कायद्याचा मसुदा निघताच त्याचे कलमवार खंडन तयार होते. अर्थसंकल्पाच्या आधी शिष्टमंडळ जाते, वार्षिक समारंभाला मंत्री प्रमुख पाहुणे म्हणून येतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात चेंबरची मागणी ‘शहराची मागणी’ या मथळ्याखाली छापून येते. खरी मेख या शेवटच्या पायरीत आहे. एका वर्गाचे हित साऱ्या शहराच्या हिताच्या वेषात उभे राहते, आणि मग त्याला विरोध करणारा तो विकासाचा शत्रू ठरतो.

महाराष्ट्रातील स्थानिक संस्था कराचे, म्हणजे एलबीटीचे, प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. जकात नको, नाक्यावरची अडवणूक आणि लाचखोरी नको, ही व्यापारी संस्थांची जुनी मागणी होती आणि तिच्यात तथ्य होते. म्हणून 2010 पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी एलबीटी आला. त्यात नाका नव्हता. व्यापाऱ्याने आपल्या हिशेबावरून स्वतः विवरणपत्र भरायचे आणि महापालिकेकडे कर जमा करायचा, एवढेच होते. 1 एप्रिल 2013 पासून पुण्यासारख्या मोठ्या महापालिकांत तो लागू होताच या नव्या करालाही तितकाच कडवा विरोध सुरू झाला. एप्रिल-मे 2013 मध्ये मुंबई-पुण्यातील बाजारपेठा दिवसच्या दिवस बंद राहिल्या. नाका जाचक होता तर हिशेब का नको? दप्तर तपासणीच्या निमित्ताने छळ होईल ही लहान दुकानदाराची भीती खोटी नव्हती. परंतु त्यावरचा उपाय तपासणीचे नियम सुधारणे हा होता. व्यापारी संस्थांनी मागणी केली ती, हा कर राज्याच्या विक्रीकरातच, म्हणजे व्हॅटमध्ये, मिळवून टाकण्याची. त्याचा अर्थ सरळ होता: शहराचा पैसा आधी मंत्रालयात जाणार आणि तेथून अनुदान होऊन परत येणार.

2014 च्या निवडणुकीत एलबीटी रद्द करण्याचे आश्वासन देण्यात आले, आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटी रुपयांहून कमी वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला. मुंबईत चालू राहिलेली जकात आणि इतरत्र उरलेला एलबीटी, दोन्ही 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कराच्या पोटात गेले. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक स्वराज्याची ग्वाही दिली होती. पाव शतकाच्या आत महापालिका आपल्या सर्वांत मोठ्या स्वतंत्र उत्पन्नाला मुकून राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसल्या. व्यापारी संस्थांनी बाजार बंद ठेवून आपले म्हणणे मान्य करून घेतले. सफाई कामगाराने एक दिवस झाडू खाली ठेवला तर मात्र त्याच्यावर अत्यावश्यक सेवेच्या कायद्याचा बडगा उगारला जातो.

येथे कोणी म्हणेल, की चेंबर लहान दुकानदाराचेही प्रतिनिधित्व करते. किराणा व्यापारात परकीय भांडवलाला 2012 मध्ये 51 टक्क्यांपर्यंत वाट मोकळी झाली, तेव्हा देशातील बड्या उद्योगसंघटना तिच्या बाजूने उभ्या होत्या आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या संघटना रस्त्यावर होत्या. ‘व्यापारी’ या एका शब्दाखाली किती परस्परविरोधी हितसंबंध दडलेले असतात, ते त्या वेळी उघड झाले. पेठेतील दुकानदार आमचा शत्रू नाही. त्याच्या नावावर मोठी उलाढाल करणाऱ्यांनी सवलती मिळवाव्यात याला आमचा विरोध आहे.

आणि त्या दुकानातील नोकर? 1948 च्या गुमास्ता कायद्याची जागा घेणारा 2017 चा कायदा 10 पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून मोकळे करून गेला. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 वर आणि कामाचे रोजचे तास 9 वरून 10 वर नेण्यास मंजुरी दिली. ‘व्यवसायसुलभता’ हा व्यापारी संस्थांच्या निवेदनांतला लाडका शब्द सरकारी भाषेत असा रुजला आहे. दहा तास उभे राहणाऱ्या विक्रेत्या मुलीच्या जीवनसुलभतेचा शब्द अजून कोणत्याही कोशात आलेला नाही.

फेरीवाल्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. 2014 च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा फेरीवाल्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना दिल्या, आणि त्याच समितीत व्यापारी संघटनांनाही स्थान दिले. मुंबईत या प्रतिनिधींच्या निवडीसाठी मतदान होण्यास 2024 साल उजाडले. फेरीवाल्याच्या समितीत व्यापारी बसतो. व्यापाराचे धोरण ठरते तेथे फेरीवाला का बसत नाही? त्यातच 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढील निवडणूक होईपर्यंत जानेवारी 2026 आला. मधल्या काळात प्रशासकांचे राज्य होते. वस्तीतल्या माणसाला नगरसेवकाचे दारही उरले नाही. ज्यांना दाराची कधी गरजच पडली नव्हती, त्यांचे काहीच अडले नाही.

चेंबरवर बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. शासनाकडे वा महापालिकेकडे आलेले प्रत्येक धोरणविषयक निवेदन आणि त्यावर झालेल्या बैठकीचे टिपण जनतेसाठी खुले असावे. करसवलत मागणाऱ्याने ती तूट कोणी भरून काढायची, हेही लेखी सांगावे. महापालिकेच्या अर्थसंकल्पापूर्वी व्यापारी संस्थांना बोलावले जाईल तेव्हा हमाल, फेरीवाले, सफाई कामगार आणि घरकामगार यांच्या संघटनांनाही त्याच टेबलाशी आणि त्याच दिवशी बोलावले जावे.

परंतु मागण्या करून थांबणे पुरेसे नाही. 1969 चा माथाडी कायदा कोणी दयेने दिला नाही. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसांनी संघटित होऊन तो मिळवला. पुण्यात बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत याच मार्गाने गेली. आज त्या संघटनशक्तीला अभ्यासाची जोड हवी. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा आपल्या हाती आहे. प्रत्येक शहर शाखेने गेल्या 3 वर्षांत आपल्या महापालिकेकडे आलेली व्यापारी संस्थांची निवेदने मागवावीत, त्यांतील कोणत्या मागण्या मान्य झाल्या ते तपासावे, आणि येत्या अर्थसंकल्पापूर्वी कामगार संघटनांचे कलमवार निवेदन तयार करून ते शंभर जणांच्या शिष्टमंडळासह सादर करावे. ते आवक-जावक विभागात ठेवून परत येऊ नये. उत्तर मिळेपर्यंत तेथेच बसावे.