आसनापुरती जागा



चातुर्मास जवळ आला, की घरोघरी झाडलोट सुरू होते. यंदा आमच्या दिवाणखान्यातील मोठा कोच दोन वर्षांत प्रथमच हलवला. दोन तरुण हात लावायला आले, तेव्हा कुठे तो भिंतीपासून सुटला. खाली धुळीचा थर, जाळी, मुंग्यांची रांग आणि त्यातच सासूबाईंची हरवलेली पुंजणी! जीवरक्षेचे ते उपकरण नेमके तेथेच सापडावे, याची मनाला टोचणी लागली.

पूर्वी त्याच जागी त्यांचे आसन असे. कोच आला आणि आसन आतल्या खोलीत गेले. तेथे सतत ये-जा. नित्याच्या सामायिकात खंड पडू लागला. त्यांनी तक्रार केली नाही आणि आमच्याही ते ध्यानात आले नाही.

अहिल्यानगरच्या जुन्या बाजारपेठेतील आपल्या पेढ्या आठवा. गादी, लोड, तक्के एवढाच सरंजाम. गादी उचलली, की खोली झाडून लख्ख. तेथेच हिशेब, तेथेच पाहुण्यांची सरबराई. सामान हलके होते, म्हणून एकच जागा अनेक कामांना पुरत असे.

परिग्रह-परिमाण व्रतात बाह्य परिग्रहाचे नऊ प्रकार सांगितले आहेत. जमीन, घर, सोने, चांदी, धन, धान्य यांची मर्यादा आपण मोजून घेतो. परंतु ‘कुप्य’ म्हणजे घरातील सामानसुमान मोजायचे राहून जाते. याच जिल्ह्यातील चिचोंडीत १९०० साली जन्मलेले आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराज आपल्या परंपरेप्रमाणे आयुष्यभर पायी विहरले. साधूंची उपकरणे स्वतःला वाहता येतील एवढीच; बसायचा पाटही श्रावकाकडून मागून घ्यायचा आणि विहाराच्या वेळी परत करायचा. आपण गृहस्थ, आपल्याला तेवढे साधणार नाही. पण दिशा तीच असावी.

म्हणून दिवाणखाना लावताना आधी सामान नव्हे, मोकळी जागा ठरवावी. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून दोन आसने अंथरता येतील, एवढा कोपरा राखावा. ४८ मिनिटे तेथून कोणाची ये-जा नसावी आणि दूरचित्रवाणी समोर नसावी. बैठकीचे पाय एवढे उंच असावेत, की केरसुणी खालून सहज फिरेल. पावसाळ्यात जीवजंतू वाढतात, तेव्हा हीच खरी जतना. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी हातांची, पक्क्या बैठकीची एक खुर्ची असावी. खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, तर माणसे एकमेकांशी बोलतात.

आम्ही कोचाचा अर्धा भाग काढून टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंनी काही न बोलता जुन्या जागी आसन अंथरले. पुंजणी मी आदल्या रात्रीच स्वच्छ करून तेथे ठेवली होती.